गुळगुळीत पाठीचा बिल्ला

सरकार घरी बसवलेल्या माणसांना पैसे वाटणार, हे ऐकल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा स्वभावच तसा. दूधवाला हसून बोलला तरी मी आधी दुधात बोट बुडवून पाहायची.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. लाखनीपासून दोन कोसांवर आमचं गाव. आमचे हे कालव्याच्या सरकारी कामावर सात वर्षं रोजंदारीचे चौकीदार होते. एक दिवस काम संपलं म्हणून सगळ्यांना कमी केलं. महिन्याभरानं कालव्याच्या कॅम्पवरल्या फळ्यावर कागद लागला. कमी केलेल्यांना तीन महिन्यांच्या मजुरीइतकी तातडीची मदत मिळेल, येताना बिल्ला जमा करावा.

बिल्ला म्हणजे कामावर घेताना दिलेली पितळेची चकती, वर नंबर ठोकलेला. हजेरीपट साहेबाच्या कपाटात, आमच्या हाती पुरावा म्हणून एवढी चकतीच. ती कशाला मागतात? उद्या जुन्या माणसांना परत बोलावलं तर 'तू कोण?' विचारायला साहेबलोक मोकळे. माझ्या बापानं सरकारी तलावात गेलेल्या शेताची, धानाच्या बांधीची पावती अशीच एका बाबूला 'पाहायला' दिली होती. बाबूची बदली झाली आणि पावतीही गेली.

"बिल्ला देऊ नोका," मी ह्यांना म्हटलं.

"सगळेच देऊन राहिले, मीच काहून नाई?" हे म्हणाले. "सात वर्षांत एक खोटी हजेरी नाई लावली म्या. मायं कोण काय करते?"

झालं! अशा भोळ्या माणसाशी वाद घालून काय उपयोग. घरात तांदूळ पंधरा दिवसांचे, मला सातवा महिना. मदत तर हवीच होती. पण बिल्लाही सोडायचा नव्हता.

भंडाऱ्यात माझा मावसभाऊ पितळेची भांडी घडवायचा. माहेरी जाते म्हणून ह्यांच्या पेटीतला बिल्ला काढून पदराला बांधला आणि एसटीनं थेट त्याच्याकडे गेले.

"असाच दुसरा करून दे."

"कायले पायजे?"

"हरवला तर असावा."

त्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं, पण करून दिला. तोच आकार, तोच नंबर. वर कौतुकानं म्हणाला, "ताई, जुन्याची पाठ खरबरीत होती, बारीक टोचे पडले होते. नव्याची घासून गुळगुळीत केली. त्याचे पैसे नाई घेत."

नवा बिल्ला चार दिवस राखेच्या ढिगात पुरला, तेव्हा कुठे तो जुनाट दिसला. तो ह्यांच्या पेटीत ठेवला आणि खरा धान साठवायच्या ढोलीत खोल खुपसला. ह्यांना एका शब्दानं सांगितलं नाही.

मदतीच्या दिवशी बाबूनं बिल्ला न पाहताच पोत्यात टाकला आणि पैसे दिले. न पाहता टाकतो, म्हणजे हे पोतं नक्की कुठंतरी गडप होणार, मी मनात म्हटलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. त्या पैशावर माझं बाळंतपण निभावलं. मुलगी झाली.

दोन वर्षांनी खरंच बोलावणं आलं. जुन्या माणसांना कायम नोकरीवर घेणार होते. मीही मुलीला कडेवर घेऊन गेले, ढोलीतला बिल्ला कमरेच्या पिशवीत होताच. म्हटलं, साहेब 'तू कोण' म्हणायला लागले की मी हा काढते.

टेबलावर तेच पोतं होतं. एकही बिल्ला गेला नव्हता. साहेब एकेक उलटून पाहत होते. नकली ओळखता यावा म्हणून खात्यानं पाठीवर तीन बारीक टोचे मारलेले होते. ते दिसले की यादीतल्या नावापुढे खूण व्हायची.

ह्यांचा बिल्ला साहेबांनी दोनदा उलटला, पाठीवरून अंगठा फिरवला. "हा आमचा नाही."

"मायाच आहे साहेब. म्या आपल्या हातानं जमा केला." ह्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरीची शपथ."

मी पिशवीतून खरा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. "हा घ्या खरा. थो म्या करून आणला होता. यायले काईच माहीत नवतं."

साहेबांनी दोन्ही बिल्ले शेजारी ठेवून पाहिले. वाईट नव्हता तो माणूस. "पोलिसात देत नाही," म्हणाले, "पण नाव काढावं लागेल." त्यांनी लाल पेन्सिलीनं रेघ मारली आणि दोन्ही बिल्ले ठेवून घेतले.

गावातली बाकीची माणसं त्या दिवशी कायम झाली. आमचे हे पुढची वीस वर्षं वरठीला एका ठेकेदाराकडे हमाली करत राहिले.

त्या दिवशी परतताना हे मुलीला दांड्यावर बसवून सायकल हातानं ढकलत चालले होते. मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाव जवळ आल्यावर बोलले.

"तुले साहेबावर भरोसा नवता, थे समजलं. पण मले काहून नाई सांगतलं?"

उत्तर माझ्याजवळ होतं. बाबूनं विचारलं तर हे खरं सांगून टाकतील, म्हणूनच सांगितलं नव्हतं. ते मी तेव्हा बोलले नाही, नंतरही नाही. मुलीला दांड्यावरून उचलून घेतलं आणि मागे मागे चालत राहिले.