खांदे झाकणारा ड्रेस

"हिचे खांदे झाकणारं काहीतरी दाखवा."

माझ्या होणाऱ्या नवऱ्याची आई दुकानातल्या मुलीला म्हणाली. मी समोरच उभी होते. पण हे ती मला नाही म्हणाली. माझ्याकडे बघून, माझ्याबद्दल, तिसऱ्याच मुलीला सांगितलं.

सावंतवाडीतलं कपड्यांचं दुकान. वरचा मजला, एसी, पांढरी गादी अंथरलेली. आमच्या लग्नाचा बस्ता होता. त्यांच्याकडून तो आणि त्याची आई. आमच्याकडून मी आणि माझी आई. बाबा नाहीत, त्यामुळे आई एकटीच. ती गादीच्या अगदी कडेला बसली होती, अर्धी गादीवर, अर्धी लादीवर. सकाळी बाजार उरकून, घासघासून आंघोळ करून आलेली. तरी मधूनच, कुणाचं लक्ष नाही असं बघून, स्वतःचे हात नाकाशी नेत होती. मालवणच्या बाजारात मासे विकते माझी आई.

साड्या झाल्या होत्या. शालू झाला होता. राहिला होता रिसेप्शनचा ड्रेस. मी एक निवडला. मोरपंखी, खाली भरपूर घेर, आणि गळा या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत सरळ गेलेला. असा गळा मी जन्मात घातला नव्हता. ट्रायल रूमचं दार उघडून बाहेर आले तर आईचा चेहरा फुलला.

"बरो दिसता गो बाय तुका," ती म्हणाली.

आणि लगेच ते वाक्य आलं. खांदे झाकणारं काहीतरी दाखवा.

दुकानातली मुलगी टेप घेऊन जवळ आली. एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप लावला. मग कमरेला. "मॅडमचा शेप उलट्या त्रिकोणाचा आहे," ती त्याच्या आईला समजावू लागली. "वर रुंद, खाली बारीक. असा गळा घातला की खांदे आणखी मोठे वाटतात. फुग्याची बाही नको, खांद्यावर भरतकाम नको. खोल व्ही गळा घ्या, वर गडद रंग, खाली फिका. नजर खाली जायला पाहिजे." तिचं काही चुकलं नाही. माझ्याच वयाची असेल. पोटासाठी पाठ केलेलं बोलत होती बिचारी.

मला हे सगळं तिच्याआधी पाठ होतं. मी ते आठवीपासून शिकत आले होते.

आठवीत गॅदरिंगला कोळीनृत्य बसवलं. वर्गात मासेमाराच्या घरातली मी एकटी. आम्ही गाबीत, कोळी नव्हे, पण तेवढा फरक शाळेत कोण बघतो? मला वाटलं, आता तरी मला पुढे उभं करतील. कमरेला टोपली कशी घ्यायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. बाईंनी मुलींची रांग लावली, एकेकीला बघितलं. बाजारपेठेतल्या मुली कोळणी झाल्या. कोरी चापूनचोपून नेसलेली लुगडी, केसांत अबोली, प्लास्टिकचे मासे.

माझ्यापाशी येऊन बाई थांबल्या. "तू मुलगा हो," म्हणाल्या. "खांदे बघ तुझे, हमालासारखे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. काजळाने मिशी काढून घेतली, डोक्याला फडकं बांधलं, आणि मागच्या रांगेत वल्हं मारत नाचले. आई बाजारातून तशीच आली होती. शेवटच्या बाकावर बसून तिने सगळ्या कोळणींचे चेहरे एकेक करून बघितले असणार. घरी आल्यावर विचारलं, "खंय होतंस गो तू? माका दिसलंस नाय."

त्या दिवशी मला माझ्या खांद्यांचा पहिल्यांदा राग आला. त्याआधी ते होते, एवढंच. हातपाय असतात तसे होते. आमच्या किनाऱ्यावर रापण लागायची. रापण म्हणजे लांबच लांब जाळं, होडीने समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या. बाप्ये ओढायचे, बाया ओढायच्या, आम्ही पोरंही टाचा वाळूत रोवून मागे लोंबकळायचो. दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीतला वाटा मिळायचा. कुणाच्या तोंडाकडे बघून नाही. माझा पहिला वाटा मी फ्रॉकच्या ओच्यात घरी आणला होता आणि आईने त्याचं तिखलं केलं होतं. बाबा जेवताना म्हणाले होते, "आज चेडवाच्या कमाईचा जेवतंय." ते गेल्यावर बर्फाचे खोके उचलायला मी लागले. खांदे भरत गेले. आईचे तसेच आहेत. तिच्या आईचेही तसेच होते.

त्या दिवसानंतर मी ते लपवायला लागले. कॉलेजला कुडाळला जायचे तेव्हा बसमध्ये खांदे आत घेऊन बसायचे, कुणाला धक्का लागू नये म्हणून नव्हे, कुणाला दिसू नयेत म्हणून. पुढे मोबाइल आला आणि त्यात सगळी विद्या मिळाली. आडव्या रेघा नकोत. खांद्यावर बटण, झालर, चमक, काही नको. ओढणी मधोमध उभी सोडायची. मैत्रिणी आरशात बघून सुंदर दिसतंय का म्हणायच्या. मी बघायचे, कमी दिसतंय का. आमच्या गावच्या शिंपिणीला मी इतक्या सूचना द्यायचे की एकदा ती वैतागून म्हणाली, "खांदे कापून ठेव माझ्याकडे, मगे शिवतंय."

मग तो भेटला. मी कुडाळला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, तो शेजारच्या मेडिकलमध्ये. बांद्याकडचा, घरची आंबा-काजूची बाग. एकदा पाण्याचा भरलेला जार मी एकटीने उचलून मशीनवर ठेवला तेव्हा दारात उभा राहून बघत होता. "बापरे," म्हणाला, आणि असा हसला की मला लाज वाटली नाही. एका माणसाने हे खांदे बघितले आणि तो हसला, पण मला हसला नाही. एवढ्यावर माणूस प्रेमात पडतं का? मी पडले. त्याच्या घरचे जातीवरून अडून बसले होते, त्याने त्यांना समजावलं. कसं समजावलं, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, माझ्यासाठी भांडला.

ते कसं समजावलं होतं ते मला त्या गादीवर कळलं.

दुकानातली मुलगी गडद ड्रेस काढायला आत गेली. त्याची आई दुकानात शुद्ध बोलत होती, आता माझ्या आईकडे सरकून आपल्या बोलीत आली. आवाज गोड. "रागाव नका हां. पण आमची माणसां मुंबयसून येतली, गोंयसून येतली. हिका बघल्यार लगेच इचारतली, चेडू काय काम करी होता म्हणान. उगाच कशाक? आमी सगळ्यांका सांगलेला आसा, तुमचो हॉटेलाचो धंदो आसा."

आईला कळलंच नाही. तिने माझ्याकडे वळून विचारलं, "कोणाचा हॉटेल गो?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो मोबाइलवर बोट फिरवत होता. मी नाव घेऊन हाक मारली तेव्हा मान वर केली.

"आई बरोबर सांगता," तो म्हणाला. "फोटो कायमचे रवतत."

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत मी तो गडद ड्रेस घालून बघायला तयार होते. इतकी वर्षं झाकले, आणखी एक संध्याकाळ. झाकायची मला सवय होती.

मग त्याच्या आईने माझ्या आईच्या हातावर हात ठेवला. "आणि तुमीय लग्नात पदर दोनय खांद्यार घेवा. बरा दिसता."

"हां हां," आई म्हणाली. "घेतंय."

आणि तिथेच घेतला. लग्नात नाही, तिथेच, त्याच क्षणी. डाव्या खांद्यावरचा पदर मागून ओढून उजव्या खांद्यावर आणला, पुढे घट्ट धरला, आणि खांदे आत घेऊन बसली. मी बसमध्ये बसायचे तशी. माझी आई. बाजारात तिच्या तोंडाला लागायची व्यापाऱ्यांची छाती होत नाही. लिलावात बोली चुकवणाऱ्याला ती चारचौघांत उभा धरते. ती बाई एका परक्या दुकानात, परक्या बाईच्या एका वाक्यावर एवढीशी झाली होती. आणि हसत होती. माझं लग्न मोडू नये म्हणून हसत होती.

मला ते बघवलं नाही. आजही बघवत नाही. डोळे मिटले की तो घट्ट धरलेला पदर दिसतो.

मी आत गेले. मोरपंखी ड्रेस काढला. माझा कुर्ता घातला, गडद निळा, व्ही गळ्याचा. बाहेर आले आणि म्हटलं, "साड्या बांधू नका. बस्ता होणार नाही."

दुकानातली मुलगी ड्रेसचा गठ्ठा हातात धरून तशीच उभी राहिली.

तो उठला. "काय झाला गो?"

"माझी आई मासे इकता," मी म्हटलं. "मी खोके उचललेले आसत. तुझ्या माणसांका ह्यां सांगतलंस? आत्ता, हंयसून फोन लावन सांग."

"तमाशो करू नको."

"सांगतलंस काय?"

त्याने आईकडे बघितलं. ती दुकानातल्या मुलीला म्हणाली, "बघा, हे असं असतं." पुन्हा शुद्ध बोलायला लागली होती.

"मगे माका ह्यां लगीन नको," मी म्हटलं.

तेव्हा आईने माझा हात धरला. सगळ्यांसमोर, रडवेली होऊन म्हणाली, "गप रव गो. मी घेतंय मा पदर."

त्या वाक्याने मला जे झालं ते त्याच्या आईच्या कुठल्याच वाक्याने झालं नव्हतं.

आम्ही मालवणची एसटी पकडली. मी रडत होते, आई खिडकीबाहेर बघत होती. वाटेत कट्टा गाव आल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी कशाक मोडलंस? माका काय्येक वायट वाटूक नाय." वाटलं नसतं तर ती असं म्हणाली नसती.

कुणी माझी पाठ थोपटली असं समजू नका. वाडीतल्या बाया म्हणाल्या, एवढ्याशा ड्रेसवरून कोण लग्न मोडतं? चांगलं बागायतीचं घर होतं. मामा म्हणाला, शिकली की पोरी डोक्यावर बसतात. आणि आईच्या मनात हे पक्कं बसलंय की ती आड आली. तिच्यामुळे मुलीचं राहिलं.

तेव्हापासून ती पदर दोन्ही खांद्यांवरून घेते. बाजारातही. सुरमई कापताना तो सारखा पुढे येतो, विळीत अडकतो, ओला होतो, मग ती कोपराने मागे सारते आणि पुन्हा घेते. मी म्हटलं, आई, काढ तो, काम कर सुटसुटीत. तर म्हणाली, "थंडी लागता." मे महिना होता. घामाने तिची पाठ भिजली होती.

मी एका दुकानात "नाही" म्हटलं आणि सुटले असं नाही झालं. मला तो अजून आवडतो. मेडिकलसमोरून जाताना नजर आत जाते. पण आईच्या अंगावर त्या दिवशी जे घातलं गेलं ते मला उतरवता येत नाही, हे दुःख त्याहून मोठं आहे, आणि त्याला औषध नाही.

मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. आई तयार आहे. ड्रेस तुला हवा तो घे, मोरपंखी घे, खांदे उघडे असू देत, कुणी काही बोलणार नाही. फक्त ते हॉटेलचं तेवढं राहू दे. आता सगळ्यांना सांगून झालंय.

मी तो दोनदा वाचला. म्हणजे माझे खांदे आता चालत होते. माझी आई चालत नव्हती.

मी "नाही" एवढंच लिहिलं आणि पाठवलं. रडत पाठवलं. यापुढे ज्याला माझ्याशी लग्न करायचंय त्याने आधी मालवणच्या बाजारात यायचं. गर्दीच्या वेळी यायचं. माझ्या आईच्या पाटीसमोर उभं राहायचं, ती काय विकते ते डोळ्यांनी बघायचं, आणि घरी जाऊन आपल्या माणसांना तेच सांगायचं. नाही जमत, तर येऊ नये. तिला लपवूनच माझं लग्न होणार असेल, तर ते होणार नाही.