भोकरदनच्या वाटेवर थांबलेली मोटार

कडूबा ड्रायव्हरच्या कानाचं जुन्या जालन्यात मोठं कौतुक होतं. निजामाच्या राज्यात तेव्हा गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एखादी गल्लीच्या तोंडाशी आली, की तिचं काय ढिलं झालंय ते हा पठ्ठ्या ओट्यावर बसून सांगायचा. स्वतः तो कचरूलाल शेठजींची मोटार हाकायचा. एकदाच काय तो त्यानं वाजणाऱ्या चाकाकडं काणाडोळा केला, तर परतूरच्या वाटेवर चाक निखळून मोटार नाल्यात गेली आणि शेठजींचा हात मोडला. शेठजी रागावलेसुद्धा नाहीत, आणि तेच कडूबाला जास्त लागलं. त्यानं कानाला खडा लावला. मोटार वाजली की थांबायचं, खोट सापडल्याशिवाय पुढं जायचं नाही.

पुढच्याच वर्षी त्याची बायको तुळजाबाई भोकरदनजवळच्या गावी, सासूपाशी, बाळंतपणात अडली. दोन दिवस झाले, सुईणीनं हात टेकले. निरोप आला तसा कडूबा शेठजींकडं मोटार मागायला गेला.

"पूछता क्या है?" शेठजी म्हणाले. "मोटार ले जा, जल्दी!"

ऊन वर यायच्या आत त्यानं तुळजाबाईला मागच्या गादीवर निजवलं. तिचं डोकं मांडीवर घेऊन त्याची आई चतुराबाई बसली. दोन कोस गेले असतील नसतील, तोच मागून आवाज आला. खडखड, खडखड, दर खड्ड्याला.

कडूबाला परतूरचा नाला आठवला. तो थांबला, मोटारीखाली शिरला, चाकांचे नट आवळले, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आवळले.

"आवं, चला ना," आतून तुळजाबाई म्हणाली. "वाजू द्या."

"चाक निखळलं तर इथंच ऱ्हावं लागंल. आलोच."

मोटार निघाली आणि पुन्हा वाजली. तो पुन्हा उतरला. तिसऱ्यांदाही उतरला. उभी असली की गपगार, चालली की खडखड. सारं अंग धुळीनं माखलं तरी खोट सापडेना. ज्या कानाचा एवढा तोरा, त्यानं नेमका त्याच दिवशी दगा दिला. अशात तासभर गेला. शेवटी तुळजाबाईचं कण्हणंही थांबलं, तेव्हा त्यानं वाजती मोटार तशीच पुढं दामटली.

जालन्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, जगली. तुळजाबाई गेली. "रक्त फार गेलं होतं. थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

पायरीवर आई नातीला पदरात घेऊन रडत बसली होती. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "कडूबा, मोटारीतल्या गादीखाली विळा हाय, तेवढा आण. लेकराच्या उशाला लोखंड पायजे. निघतानाच सारला होता मी तुळजाच्या खाली, कुणाची नजर लागू न्हाई म्हणून."

कडूबानं गादी उचलली. खालच्या लोखंडी पट्टीवर विळा आडवा पडला होता. पात्यानं घासून घासून पट्टीचा रंग उडाला होता. त्यानं मोटार एकदा हातानं हलवली. खडखड. तो तिथंच खाली बसला आणि तोंडात मुंडाशाचं टोक कोंबून रडला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

विळा आणून त्यानं आईच्या हातात दिला.

"लेका, उगं थांबत बसलास रं," आई म्हणाली. "न्हाई तर वाचली अस्ती माझी तुळजा."

"हो आई. माझंच चुकलं."

तिनं विळा बाळाच्या उशाखाली सारला. "ह्यानंच निदान लेकरू तरी वाचलं बघ."

आई पुढं नऊ वर्षं जगली. घरी येईल त्याला ती हे दोन्ही सांगायची, आणि कडूबा शेजारी बसून दर वेळी मान डोलवायचा.