बोर्लीत गाजलेलं माझं कालेज

दिघीच्या धक्क्यावरून होडी सुटली तेव्हा मी रडले नाही, रागात होते. मुंबईची बोट लांब पाण्यात उभी होती आणि माझे बाबा काठावरून हात वर करून ओरडत होते, "शिकलीस तेवढं बास झालं! आता संसार बघ!" सातवी झाली होती माझी, पुढं शिकायचं होतं. त्याऐवजी लग्न झालं. ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'सुमन' लिहिलं आणि जन्माची यमुना तिथंच संपली. माझ्या गावच्या, बोर्लीतल्या मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीजणींची नावं अशीच तांदळात गेली, आठवतं ना?

परळच्या चाळीत बिऱ्हाड मांडलं. आमचे हे थेटरांची पोस्टरं भिंतींवर चिकटवायचे, त्यांची खळ शिजवायचं काम माझ्याकडं. जुनी पोस्टरं खरवडून ते शेगडी पेटवायला घरी आणायचे. एकावर एक चिकटून त्यांचा पुठ्ठा झालेला असायचा. एकदा फाडायला घेतलं, तर व्हिलनच्या गालाखालून नटीचा डोळा माझ्याकडं बघायला लागला! अगं बाई, म्हटलं, हे जाळायचं? नाहीच जाळलं. कात्री न लावता, बोटांनी फाडून फाडून चित्रं करायला लागले. शेजारणी हसायच्या, "सुमन कचरा साठवते." साठवते तर साठवते. हात थांबवायचा नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

वरच्या मजल्यावर ड्रॉइंगच्या बाई राहायच्या. त्या म्हणाल्या, "याला कोलाज म्हणतात." शब्द मला फार आवडला. गावचा एकजण भेटायला आला, त्याला ऐटीत सांगितलं, "मी कोलाज करते." त्यानं बोर्लीच्या बाजारात जाऊन सांगितलं, यमुना कालेज करते! झालं. चार दिवसांत बाबा दारात हजर. अंगावर नवं धोतर, हातात नवं कोरं शाईचं पेन.

"शिक आता, पायजे तेवढं शिक," ते म्हणाले. "कालेज कुठं हाय तुझं?"

 मी भिंतीकडं बोट केलं. नट्यांच्या निळ्या साड्या फाडून केलेला दिघीचा समुद्र, मोठाल्या अक्षरांची होडी, आणि काठावर हात वर केलेला माणूस. कोलाज म्हणजे काय ते समजावलं, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"गावभर सांगितलं मी. आता काय सांगू?"

"खरं ते सांगा, बाबा. यमुना फाडते नि चिकटवते. आणि सोडायची न्हाय."

ते चित्राजवळ गेले. काठावरच्या माणसावर बोट ठेवलं.

"ह्यो मी व्हय?"

"व्हय."

"माझं धोतर एवढं मळकं न्हाय हां!" म्हणाले, पण डोळे भरले होते. पेन माझ्या हातात कोंबलं. "नाव घाल खाली."

मी 'यमुना' लिहिलं. आमच्या ह्यांनी वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी जास्तीची पोस्टरं आणून टाकली. तेव्हापासून प्रत्येक चित्रावर तेच नाव घालते. घर कुठलं विचाराल तर चाळीतली खोली दाखवीन. माहेर मात्र माझं चित्राच्या खालच्या कोपऱ्यात आहे, शाईनं लिहिलेलं.