शेवटच्या गाण्यातला ठेका

आंबेनळी घाटात रेंज येणारं वळण आलं, तसा एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी तरुणाने मोबाइल माझ्या हातात दिला. आवाज घुमू नये म्हणून घराच्या माळ्यावर पेंढ्यात बसून त्याने स्वतःच रेकॉर्ड केलेल्या पहिल्या रॉक अल्बमचं परीक्षण आलं होतं.

"तुम्हीच वाचा. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

गाण्यांचं कौतुक होतं. तो मात्र खिडकीच्या गजावर बोटं वाजवत पुन्हा पुन्हा विचारत होता, "ड्रमबद्दल काय लिवलंय?"

मी वाचलं, "शेवटच्या गाण्यात ड्रमवाला मागे पडतो."

बोटं थांबली.

"ड्रम नाय तो. खाली अंगणात बाबा भात झोडतायत. तिथं ते दमलेत," तो म्हणाला. "आता घरी गेल्यावर पहिलं विचारतील, माझं काय लिवलंय."