लुआनदादाच्या आईचं मडकं

लुआनदादासारखा हट्टी माणूस अख्ख्या बोझोत दुसरा नाही, हे मी, त्याची शेजारीण, त्याच्या तोंडावर सांगितलंय. आमचं गाव म्हणजे अख्ख्या चीनमधली झाडपाल्याच्या औषधांची मोठी पेठ. पेठेतल्या बहुतेक दुकानांत औषध तोलायची जी छोटी तागडी आहे, ती दादाच्या हातची. दांडीवर पितळी खुणा ठोकता ठोकता त्याचे डोळे गेले, पाठ गेली, ऐट मात्र गेली नाही. "मी औषधं तोलायची तागडी करतो, औषधं खाणारे दुसरे," असं म्हणायचा मेला.

गेल्या हिवाळ्यात जेवताना त्याच्या हातातल्या घास उचलायच्या काड्या गळून पडल्या. हात घटकाभर लाकूड झाला, मग आपोआप ठीक झाला. वहिनीने त्याला ओढतच इस्पितळात नेलं. मानेतल्या शिरांना आतून चरबीचा थर बसलेला, वाट निम्मी बुजलेली. डॉक्टर म्हणाले, हा इशारा समजा, पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. वैद्य कंगबाईंनी त्या गोळ्या बघून जोडीला काढा लिहून दिला: दानशेनची लाल मुळं, आंबट रानफळांच्या सुक्या चकत्या, आणखी काय काय. "गोळ्या सोडायच्या नाहीत," त्यांनी बजावलं. "आणि काढ्याने थर धुऊन निघेल असंही धरून चालू नका. रक्त वाहतं राहायला हातभार लागेल, इतकंच."

गोळी काय, चोरून गिळता येते. काढ्याचं तसं नाही. तो मातीच्या मडक्यातच उकळायचा, लोखंडात नासतो. आणि आमच्या गल्लीत तसं मडकं एकच, दादाच्या आईचं. ज्याला लागेल तो मागून नेतो, पण परत करत नाही. मडकं परत नेऊन देणं म्हणजे दुखणं दारात नेऊन टाकणं. मालकाला गरज पडली की त्याने यायचं आणि घेऊन जायचं. नवं आणावं, तर आजारपणाला घरात कायमचं बिऱ्हाड दिल्यासारखं.

ते मडकं माझ्या सासूबाईंच्या खोकल्यापासून आमच्याकडे होतं.

एकदा भाजी घेताना वहिनी म्हणाली, "स्वेयिंग, काढ्याच्या पुड्या तशाच खुंटीला लटकल्यात. मी मडकं आणायला निघाले की हे दार अडवून बसतात. म्हणतात, मडकं घरी आलं की गल्लीला कळेल, लुआन संपला." बोलता बोलता तिचे डोळे भरले. मला असा राग आला! मडकं उचलून त्याच्या उंबऱ्यावर आपटावंसं वाटलं. पण ते कसं करणार? उद्या त्याला काही झालं असतं, तर ते माझ्या हातून झालं असं मला जन्मभर वाटलं असतं.

मग मी भर दुपारी दारात उभी राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "आई, हे मडकं नुसतं धूळ खातंय. यात डुकराचे पाय शिजवू का?"

सासूबाई ठार बहिऱ्या. पण ज्याने ऐकायचं त्याने ऐकलं. काढ्याच्या मडक्याला एकदा का मांसाची चरबी लागली, की ते बाद! दादा अनवाणी धावत आला.

"लाज नाही वाटत? माझ्या आईचं मडकं आहे ते!"

"मग ने की! मी काय धरून ठेवलंय?"

त्याने मडकं हिसकावलं, काखेत मारलं आणि बाहेर पडला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. झाडाखाली सोंगट्या खेळणाऱ्यांचे हात थांबले होते. त्यांच्यातल्या एकाने विचारलंच, "काय लुआनभाऊ, घरी कोण आजारी?"

मला वाटलं, आता हा बायकोचं नाव सांगणार. वहिनी दारात ओले हात घेऊन उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मीच," तो म्हणाला. "मानेतल्या शिरा बुजल्यात. हसा आता."

कोणी हसलं नाही. एकाने त्याच्या वाटेतलं स्टूल बाजूला घेतलं.

संध्याकाळी वहिनीने अंगणातच शेगडी पेटवली. मीही जाऊन बसले. काढा गाळून तिने वाटी त्याच्यापुढे धरली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, "अहो, खरं सांगा, घाबरला होतात का?"

दादाने वाटी दोन्ही हातांनी धरली.

"अजून घाबरलोय," तो म्हणाला. "तू इथेच बस."