जिथं याडीची अरदास अडायची

आमच्या बंजारा तांड्यात अशी समजूत आहे, की निखाऱ्यावर तूप-गुळाची लापशी सोडली आणि ज्वाळा उठली, तर देवीनं भोग घेतला. नुसता धूर झाला, तर घेतला नाही. अर्जुन गेल्यापासून आमच्या घरी दर मंगळवारी धूरच व्हायचा. मी आर्णीला शिलाईचं दुकान चालवते. दिवसभर बायकांच्या मापांशी आणि तक्रारींशी गाठ, त्यामुळे देवाच्या बाबतीतही मी पहिल्यापासून जरा तिरकसच. वरवर म्हणायचे, गोवऱ्या ओल्या असतील. मनात म्हणायचे, जिला माझा भाऊ सांभाळता आला नाही, तिनं भोग घेतला काय आणि नाही घेतला काय!

अर्जुन माझा धाकटा भाऊ. हरभरा काढणीच्या दिवसांत धुऱ्यावरून शेजारच्या शेतातल्या प्रल्हादशी त्याचा वाद झाला. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हातभर जागा. प्रल्हादनं कुऱ्हाड घातली आणि अर्जुन तिथंच गेला. याडी, म्हणजे आमची आई, त्याची भाकर घेऊन तेव्हाच पोचत होती. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. दोघं एकाच वयाचे, होळीला एकाच घोळक्यात नाचणारे. त्या वर्षी तांड्यात होळी झाली नाही. प्रल्हाद यवतमाळच्या तुरुंगात गेला आणि आमच्या घरात एकच शब्द राहिला, फाशी. तो सगळ्यात मोठ्यानं मी म्हणायचे. खोटं कशाला बोलू, म्हटला की मला बरं वाटायचं.

याडी मात्र मंगळवारी भोग लावायची आणि अरदास, म्हणजे आमची प्रार्थना, म्हणायची. आमच्या अरदाशीत आपल्यापुरतं मागायची सोयच नाही. कीडा-मुंगीपासून सुरुवात करायची, मग गाई-गुरांचं, पोराबाळांचं, वाटसरूचं आणि शेवटी सगळ्यांचंच भलं मागायचं. ‘साई वेस’ म्हणायचं, म्हणजे भलं होवो. वडील गेले तेव्हासुद्धा याडीनं ती पुरी म्हटली होती. आता मात्र मुंगीचं भलं मागून व्हायचं, गुरांचं व्हायचं, आणि ‘सगळ्यांचं’ म्हणायची वेळ आली की तिचा आवाज बसायचा. हात जोडून ती तशीच बसून राहायची आणि लापशी करपून जायची.

उन्हाळ्यात काही पुढाऱ्यांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा ठरवला. याडीनं माईकवर येऊन फाशी मागायची, असं ठरलं. तिच्याकडून वाक्यं घोकून घ्यायचं काम माझ्याकडे. मोर्चाच्या आदल्या दिवशी मंगळवार होता, म्हणून मी माहेरी मुक्कामाला आले. संध्याकाळी भोगाची तयारी चालली होती, तेवढ्यात दारात प्रल्हादची बायको सुनीता येऊन उभी राहिली.

माझं डोकंच फिरलं. “तू इथं काहून आली?” मी ओरडले. माझ्याकडे न बघता ती याडीच्या पायाशी बसली. तिला दिवस गेले होते, तिसरा महिना होता. माहेरचे म्हणत होते, पाडून मोकळी हो, दुसरं घर पाहून देतो. सासरचे म्हणत होते, आमचा वंश आहे, ठेवायचाच. आणि पाण्यावर बायका कुजबुजत होत्या, की खुन्याचं बी वाढवायचं तरी कशाला. तिला काय हवं, हे कुणीच विचारलं नव्हतं. पुढचं सगळं बोलणं गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, झालं, मी ते आमच्या वऱ्हाडीत सांगते.

“याडी, तुह्या लेकाचं रगत सांडलं,” सुनीता म्हणाली. “तुह्या मनाले शांती भेटत असंल तं सांग. उद्याच दवाखान्यात जाईन.”

याडीनं निखारे सारखे केले. मग म्हणाली, “पोट तुह्यं हाये. तुह्या मायबापाचं नाही, सासऱ्याचं नाही, अन् माह्यं तं नाहीच नाही. तुले नको असंल तं नको. मी संग येईन, दवाखान्यात तुले एकटी बसू देणार नाही. ठेवायचं असंल तं ठेव, बाळंतपणाले मी हावो. पन माह्या अर्जुनच्या नावानं काही करू नको. त्याच्या नावानं कोनाचा जीव गेला, असं मले नाही पाहिजे.”

एवढं बोलली आणि तीच थबकली. आपण काय बोललो, ते तिला तेव्हा ऐकू आलं असावं. माझ्याकडे वळून ती पुन्हा म्हणाली, “कोनाचाच.”

“याडी, उद्या मोर्चा हाये!”

“मालूम हाये मले.”

मग तिनं पदर सावरला, लापशी निखाऱ्यावर सोडली आणि अरदास सुरू केली. मुंगीचं झालं, गुरांचं झालं, पोराबाळांचं झालं. ती अडली नाही. पोटातल्याचं भलं मागितलं, तुरुंगातल्याचं मागितलं, सगळ्यांचं मागितलं. आणि ज्वाळा उठली, चांगली हातभर. तूप जास्त पडलं असेल, असं मी आजही म्हणू शकते. माझा वाद घालायचा स्वभाव काही गेलेला नाही. पण त्या उजेडात याडीचा चेहरा मी पाहिला, आणि मला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला ती माईकपुढे उभी राहिली. “माह्या लेकाले मारणाऱ्याले शिक्षा झालीच पाहिजे,” ती म्हणाली. “मोठी शिक्षा द्या. पन फाशी नोका देऊ. जे माह्यं झालं, ते त्याच्या मायचं कायले?” पुढाऱ्यानं घाईघाईनं माईक काढून घेतला. परतताना एसटीत मी आर्णीपर्यंत तिच्याशी बोलले नाही. मला वाटलं, ही ढिली पडली. पुढे कोर्टात तिची साक्ष झाली, तेव्हा कळलं, ती ढिली पडली नव्हती. जे पाहिलं ते तिनं चोख सांगितलं, प्रल्हादसाठी एक शब्द कमी केला नाही. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि ती माझी आई आहे याचा मला अभिमान आहे.

सुनीतानं काही दिवस विचार केला आणि स्वतःच येऊन सांगितलं, ठेवणार. दिवाळीनंतर मुलगा झाला. बाळंतपणाला याडी होती.

यंदाच्या होळीला तांड्यात पुन्हा डफ वाजला. वर्षभरात झालेल्या मुलाच्या दारी जाऊन सगळ्या तांड्यानं आशीर्वाद द्यायचा, ही आमची धुंडची रीत. माणसं निघाली खरी, पण प्रल्हादच्या घराशी येऊन घुटमळली. तेव्हा याडी पुढे झाली, सुनीताच्या शेजारी बसली आणि लेकरू मांडीवर घेतलं. मग कुणी थांबलं नाही. मीही गेले, लेकराच्या कपाळाला हात लावला आणि म्हटलं, साई वेस. माझ्या हातून हे घडवलंस, देवी, तुझे उपकार.

आता मंगळवारी मी माहेरी असले, की याडी मलाच अरदास म्हणायला लावते. मुंगीचं होतं, गुरांचं होतं, त्या लेकराचंही होतं. प्रल्हादचं भलं मागायला माझी जीभ अजून वळत नाही. तिथवर येऊन मी हात जोडून थांबते, आणि पुढचं याडी म्हणते.