दुसरा टेक

सोमवारी सकाळी वाईच्या घाटावर शूटिंग चालू असताना एका ज्येष्ठ हिंदी अभिनेत्रीने आपल्या जुन्या चित्रपटातला संवाद म्हटला. ती गंमत समजून बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हातारी लय भारी हाय गड्या," माझ्यामागे कुणीतरी म्हणालं.

बातमीसाठी मी त्यांना बरेचदा भेटलो आहे. नवा संवाद त्या एकदाच वाचतात आणि कागद परत देतात. त्या दिवशी मात्र त्यांनी केस बांधणाऱ्या वाईच्या बाईंचं मनगट घट्ट धरलं.

"मैंने क्या बोला?"

"आवं, त्यो जुना डायलॉग म्हनलासा तुमी."

"किसी से कहना मत. काम चला जाएगा."

दुसऱ्या टेकला त्यांनी तोच जुना संवाद म्हटला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मंगळवारी त्यांची साडी नेसून त्या जागी दुसरी अभिनेत्री बसली होती.